पहिला खडा

एका गावात एक दगड होता. पुरुषभर उंचीचा, काळा, तालमीच्या दारात रोवलेला. गावातल्या थोर मल्लांची नावं त्यावर कोरलेली होती. अगदी वरची नावं वाऱ्यापावसानं इतकी झिजली होती की ती डोळ्यांनी वाचता येत नसत, बोटानं चाचपावी लागत. दगडावर नाव लागलं म्हणजे माणूस मेल्यावरही गावातच राहतो, असं तिथले लोक मानत. पोरं आखाड्यात उतरण्याआधी दगडाला हात लावत आणि तो हात कपाळाला लावत.

कुणाचं नाव कोरायचं, हे पाच पंच ठरवत. चैत्रातल्या जत्रेला सकाळी सगळा गाव तालमीपुढं जमे. कुस्ती सोडलेल्या एखाद्या पैलवानाचं नाव पुकारलं जाई. मग फडकं झाकलेला हंडा पंचांपुढून फिरे. होकार असेल तर आत सुपारी टाकायची, नकार असेल तर खडा. पाचही सुपाऱ्या निघाल्या तर पाथरवटानं छिन्नी उचलायची. एक जरी खडा निघाला, तर नाव पुढच्या जत्रेवर. असं सात जत्रांपर्यंत चाले. सातव्या वेळीही खडा निघाला, तर ते नाव पुन्हा कधी घ्यायचं नाही.

कुणी काय टाकलं आणि का टाकलं, हे विचारायचं नाही, असा रिवाज होता. रिवाज चांगल्या मनानंच पडला होता. पंचांवर कुणाचा दाब येऊ नये, एवढाच त्यातला हेतू. पण आपण माणसं अशी, की चांगल्या रिवाजाच्या आडोशालाही आळसाला जागा करून देतो.

नव्या नावांवर पंच मन लावून विचार करत. जुन्या कुस्त्या आठवत, वाद घालत. खडा पडून परत आलेल्या नावांचं तसं नव्हतं. ती शेवटी येत. तोवर उन्हं चढलेली असत, पोटात कावळे ओरडत असत आणि पुरणाचा वास सुटलेला असे. मग हंडा भराभर फिरे.

या गावात हैबती नावाचा पैलवान होता. बोलायला थोडा, पकडीला घट्ट. त्यानं पंचक्रोशीतले फड गाजवले होते. समोरच्याला चीत केलं की आधी त्याला हात देऊन उठवायचा आणि मगच पंचांकडं बघायचा, ही त्याची रीत. गुडघा कुरकुरू लागला तेव्हा त्यानं आपणहून लंगोट खुंटीला लावला. पुढच्या चैत्रात त्याचं नाव पुकारलं गेलं. पाथरवट छिन्नीला धार लावूनच आला होता.

हंड्यातून चार सुपाऱ्या निघाल्या आणि एक खडा.

लोक हळहळले. पण घरी जाता जाता एकजण म्हणाला, "कुणाला तरी कायतरी ठाव असंल. उगंच कोण खडा टाकतंय?" तेवढं पुरलं. दुसऱ्या वर्षी दोन खडे निघाले. तिसऱ्या वर्षी चार. त्यापुढं दर वर्षी पाच.

दगडावर हैबतीच्या नावाची जागा मोकळी होती, आणि मोकळ्या जागेत माणसाला काहीतरी लिहावंसं वाटतंच. कुणीतरी म्हणालं, वाघोशी गावच्या फडात हैबती अंगाला तेल चोपडून उतरला होता, म्हणून समोरच्याची पकड निसटली. कुस्तीत याहून मोठं पाप नाही. हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

हैबतीनं तालमीत येणं सोडलं. त्याचा मुलगा भैरू अंगापिंडानं बापासारखाच होता. एकदा जोडीदारानं त्याचा दंड धरला आणि हात हुंगून म्हणाला, "तेल न्हाई ना लावलंस?" पोरं खदखदा हसली. भैरूनं त्याच दिवशी आखाडा सोडला. पुढं त्यानं बापाशी बोलणंही कमी केलं. एका चुलीवर जेवणारी दोन माणसं, पण मधे भिंत घातल्यासारखी.

असं करता करता हैबतीच्या नावाची सातवी आणि शेवटची जत्रा आली.

त्या वर्षी पंचांत एक नवा माणूस होता. मल्हारी त्याचं नाव. जुना पंच वारला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या जागी त्याचा घरजावई बसला. मल्हारी परगावचा. या गावातल्या अर्ध्या गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या, आणि हेच बरं झालं.

हैबतीचं नाव पुकारलं गेलं. हंडा आधी मल्हारीपुढं आला. त्यानं एका हातात सुपारी घेतली, दुसऱ्या हातात खडा, आणि तसाच बसून राहिला.

"टाका की, जावईबापू," शेजारचा पंच म्हणाला. "तिकडं पुरणपोळ्या गार व्हायल्यात."

"टाकतो," मल्हारी म्हणाला. "पण ह्या गड्यात उणं काय हाय, तेवढं सांगा."

"विचारायचा रिवाज न्हाई."

"कुणी काय टाकलं ते मी इचारत न्हाई. गड्यात उणं काय, ते इचारतोय."

पंच एकमेकांकडं बघू लागले. एकजण म्हणाला, "गेल्या साली पाच खडे पडलेत." मल्हारी म्हणाला, "का पडले?" दुसरा म्हणाला, "त्याच्या आदल्या साली बी पडले होते." मल्हारी म्हणाला, "आणि पहिल्या साली?"

 पंचांचे म्होरके होते दौलतराव. गाव त्यांना आबा म्हणे. निवाड्याला सरळ आणि शब्दाला पक्का माणूस. आबा मान खाली घालून हंड्याकडं बघत होते. मग ते उठले.

"हंडा झाकून ठेवा," ते म्हणाले. "मी येईस्तोवर कुणी हात लावू नका."

भर दुपारच्या उन्हात आबा वेशीबाहेरच्या हैबतीच्या घराकडं चालू लागले.  पहिला खडा कुणाचा, हे साऱ्या गावात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. तो त्यांचा स्वतःचा होता.

का टाकला होता तो खडा? हैबतीत खोट होती म्हणून? छे. आबांचे वस्ताद रावजी. गावानं पाहिलेला सर्वांत मोठा मल्ल. त्यांचं नावसुद्धा पहिल्या जत्रेला लागलं नव्हतं, दुसऱ्या जत्रेला लागलं. जे रावजींना पहिल्या वर्षी मिळालं नाही, ते हैबतीला कसं द्यायचं? वस्तादांचा मान राहावा, म्हणून आबांनी खडा टाकला. एक वर्षानं काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी ठरल्याप्रमाणं सुपारी टाकली. पण हंड्यातून दोन खडे निघाले. आबा चपापले. त्यांच्या मनात आलं, या दोघांना काहीतरी ठाऊक असणार, आपल्यालाच नाही. मग तेलाची गोष्ट कानावर आली आणि तिसऱ्या वर्षापासून आबाही खडाच टाकू लागले. विहिरीत आपणच हाक मारावी आणि आतून कुणीतरी ओ दिली म्हणून घाबरावं, तसं झालं होतं.

हैबती ओसरीवर दोर वळत बसला होता. आबांना पाहून तो गडबडीनं उठला. त्यानं घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढं केला. आबांनी पाणी घेतलं नाही.

"हैबती," ते म्हणाले, "खरं सांग. तुझ्या हातनं कधी कायतरी चुकलं होतं का?"

हैबतीनं दोर पुन्हा हातात घेतला.

"आबा, हेच मी तुमाला इचारणार होतो. पण रिवाज आडवा आला." तो खाली बसला. "इतकी सालं मी तेच हुडकतोय. दोर वळताना येकेक कुस्ती आठवतो. कुठं कुणाचं बोट मुरगळलं का, कुठं पंचाची शिट्टी ऐकू आली न्हाई का. वाघोशीला तेल लावलं म्हणत्यात. मी लावलं न्हाई, आबा. पण त्या दिशी सकाळी आईनं माझ्या टाळूवर तेल घातलं होतं. जत्रेचा दिस म्हणून. तेच घामासंगं वघळलं असंल का?"

आबा घोंगडीच्या कडेवर टेकले.

"म्हणून मी वाघोशीला गेलो," हैबती सांगत होता. "त्या गड्याच्या घरी जाऊन पाया पडलो, म्हणलं माफी कर. त्यो हसाया लागला. म्हणला, माती लावून उतरला होतास, धडधडीत पाडलंस मला, काय खूळ घिऊन आलास? जेवू घालून धाडलं त्यानं. तरी मन मानंना. पाच जाणती माणसं उगं खडा टाकतील व्हय?"

आबांना त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या माणसात दोष नव्हता, त्याला त्यांनी इतकी वर्षं स्वतःतला दोष शोधायला लावलं होतं. आणि तो बिचारा शोधून शोधून आईच्या हातच्या तेलापर्यंत येऊन पोचला होता.

"हैबती," आबा कसेबसे म्हणाले, "पहिला खडा माझा. तुझ्यात काय बी खोट नव्हती. रावजी वस्तादांचं नाव पहिल्या साली लागलं नव्हतं, म्हणून तुझं लागू दिलं न्हाई. येवढंच."

हैबतीच्या हातातला दोर खाली पडला.

"येवढंच?" तो म्हणाला.

त्याला राग आला असता तर आबांना सोसलं असतं. तो रागावला नाही. पडलेला दोर उचलून त्यानं बाजूला ठेवला. मग म्हणाला, "नाव लागू दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे. पण आबा, हे माझ्या भैरूला तुमी सांगा. माझ्या तोंडनं सांगून त्याला खरं वाटायचं न्हाई."

आबा परत आले तेव्हा लोक अजून बसून होते. पोळ्या केव्हाच गार झाल्या होत्या. आबा खाली बसले नाहीत. गर्दीत भैरू कुठं मागं उभा होता, त्याला त्यांनी पुढं बोलावलं आणि सगळ्या गावादेखत त्याच्यापुढं हात जोडले.

"पोरा, तुझ्या बापानं तेल लावलं नव्हतं. त्यानं कायच केलं नव्हतं. पहिला खडा मी टाकला, आणि त्याला कारण नव्हतं."

 मग दुसरा पंच उठला. म्हणाला, एक खडा पडला म्हणून मी दुसरा टाकला. तिसरा म्हणाला, लोक बोलतात म्हणून मी टाकला. चौथ्यानं नुसतीच मान हलवली. हंडा नव्यानं फिरला, आणि उघडला तेव्हा त्यातून पाच सुपाऱ्या निघाल्या आणि पाथरवटानं छिन्नी उचलली.

त्या दिवसापासून गावानं रिवाज बदलला. सुपारी टाकणाऱ्यानं गप्प बसावं. खडा टाकणाऱ्यानं मात्र उभं राहून, त्या पैलवानाच्या तोंडावर कारण सांगावं. पुढच्या जत्रेला एक पंच खडा मुठीत घेऊन उठला, तोंड उघडलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मुकाट्यानं सुपारी टाकून खाली बसला.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. नाव कोरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू लंगोट बांधून तालमीत आला. बरोबर हैबती होता. लोकांना वाटलं, तो आधी दगडाजवळ जाईल, आपलं नाव बघेल. तो गेला नाही. भैरू आखाड्यात उतरणार, एवढ्यात हैबतीनं त्याचा खांदा धरून त्याला थांबवलं. लेक पुन्हा मातीत उतरतोय म्हणून आईनं कौतुकानं त्याच्या टाळूवर तेल घातलं होतं. हैबतीनं खांद्यावरचा पंचा काढला आणि भैरूचं डोकं पुसायला लागला. पुसलं, हात लावून पाहिला, पुन्हा पुसलं. भैरू म्हणाला, "दादा, पुरं की. वाळलंय." तरी हैबती पुसतच राहिला.

आबा दगडापाशी उभे राहून हे बघत होते. दगडावरची अक्षरं नवी होती, कोवळ्या उन्हात चांगली उठून दिसत होती. आबांना त्या अक्षरांकडं बघवलं नाही.

तात्पर्य: नकार देण्याआधी त्याचं कारण स्वतःला विचारावं आणि कालच्या नकाराला आजचा पुरावा मानू नये, कारण उशिरा दिलेला मान माणसाला त्याचं नाव परत देतो, पण त्याची गेलेली वर्षं परत देत नाही.