उंच खिडकीचा आडोसा

ही गोष्ट फार फार जुनी. इतकी जुनी की तेव्हा जंगल माणसाच्या अंगणापर्यंत यायचं आणि पेरलेल्या शेतात माणसाच्या आधी चितळांचे कळप जेवून जायचे. म्हणून सुगी संपली की डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीतली माणसं चितळांच्या शिकारीला निघत. पोटापुरतं मारत आणि मारलेलं सगळ्या घरांत वाटत.

त्या वस्तीत एक म्हातारा शिकारी राहायचा. लहानथोर सगळे त्याला आबा म्हणत. आडोसा बांधावा तर आबानंच! जमिनीत फांद्या रोवून, त्यांत गवत विणून तो असा आडोसा उभा करायचा की आत माणूस बसलाय हे सशालाही कळू नये. बाण सोडायला त्यात तो एक खिडकी ठेवायचा. वस्तीतल्या मुलांना पहिली शिकार शिकवायचं कामही चाळीस वर्षं त्याच्याकडेच होतं.

आबाला एक नात होती. आईबापामागं त्यानंच तिला वाढवलं होतं. पहाटे डोळा उघडल्यापासून तिची जी बडबड सुरू व्हायची, ती झोपेपर्यंत थांबायची नाही. म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. आबा तिच्यावर दिवसातून दहा वेळा ओरडायचा आणि ती घडीभर गप्प झाली की म्हणायचा, “काय गं, बरं नाही का वाटत?”

आबाचा हात आता थरथरू लागला होता. आपल्यामागं टिटवीनं शिकारी व्हावं एवढीच त्याची इच्छा उरली होती. टिटवीला तर दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण वस्तीचा नियम कडक होता. मुलांच्या हाताला पेलेल असं छोटं धनुष्य वस्तीत एकच. प्रत्येक मुलाला ते तीन सकाळींपुरतं मिळे. शिकार साधली तर ते मूल शिकारी. नाही साधली तर धनुष्य पुढच्या मुलाकडे जाई आणि पुन्हा कधी परत येत नसे.

टिटवीनं महिनाभर गवताच्या पेंढीवर बाण मारले. वीस पावलांवरून दहातले नऊ लागू लागले, तेव्हा आबानं तिला पाणवठ्यावरच्या आडोशात नेलं.

“आत शब्द काढायचा नाही,” आबा म्हणाला. “बसल्या जागेवरून हलायचं नाही. मी खांद्याला हात लावला की बाण सोडायचा. कळलं?”

“कळलं. पण आबा, मला शिंक आली तर?”

“टिटवे!”

“बरं, बरं.”

पहिल्या सकाळी चितळं आली. आबानं तिच्या खांद्याला हात लावला. बाण काही सुटला नाही. चितळं पाणी पिऊन निघून गेली.

“अगं, समोर बारा चितळं उभी होती!” घरी येताना आबा म्हणाला. “दिसली नाहीत?”

“वानरं दिसली,” टिटवी हळूच म्हणाली.

“वानरं! डोळे उघडे ठेव म्हणजे चितळंही दिसतील.”

टिटवीनं मान खाली घातली. तिला वाटलं, शिकाऱ्यांचे डोळेच वेगळे असणार. त्यांना गवतातून आरपार दिसत असणार आणि आपल्याला देवानं तसे डोळे दिलेलेच नसणार. हे कुणाला कसं सांगायचं? एरवी मुंगी चावली तरी सगळ्या वस्तीला सांगणारी पोर, ही एवढी मोठी गोष्ट मात्र मनातच ठेवून बसली.

दुसऱ्या सकाळी खांद्यावर हात पडताच तिनं अंदाजानं बाण सोडला. तो सणसणत वर गेला आणि पलीकडच्या आवळीच्या झाडात अडकला. तिथल्या एका वानरानं तो उपसला, उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि नापसंतीनं खाली फेकून दिला. चितळं केव्हाच पसार झाली होती.

ही हकिकत वस्तीत पोचायला कितीसा वेळ? “टिटवीनं आभाळाची शिकार केली!” म्हणत पोरं हसली. आबा हसला नाही. त्याला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या सकाळी आबानं खांद्याला हात लावला, तर टिटवीनं धनुष्य उचललंच नाही. त्याच्या हातावर टपकन पाण्याचा थेंब पडला. ती रडत होती.

आबा गडबडला. त्याच्या कमरेची पानाची चंची खाली पडली. ती उचलायला तो गुडघ्यांवर बसून वाकला, तेव्हा त्याचं डोकं नातीच्या डोक्याला लागलं. त्यानं सहज वर पाहिलं.

खिडकीतून आवळीचा शेंडा दिसत होता. शेंड्यावर वानरं होती आणि त्यांच्यावर आभाळ. पाणवठा दिसत नव्हता, चितळ तर नाहीच नाही. खाली सगळी गवताची भिंत.

“टिटवे,” आबा तिथूनच म्हणाला. “तीन दिवस तुला एवढंच दिसत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तूच म्हणालास ना, शब्द काढायचा नाही. आणि मला वाटलं, सगळ्यांना दिसतं. मलाच दिसत नाही.”

आबानं तिला पोटाशी धरलं. चाळीस वर्षं तो आडोशाची खिडकी स्वतःच्या डोळ्यांसमोर कापत आला होता आणि मुलांना खाली बसवत आला होता! उंच पोरांना त्यातून दिसे, बुटक्यांना नुसतं आभाळ.

ते वस्तीत परतले, तेव्हा सगळे जमले होते. वस्तीची थोरली आजी धनुष्य परत घ्यायला उभी होती. टिटवीनं ते पुढं केलं.

“थांब,” आबा म्हणाला. “या तीन सकाळी पोरीनं नाही घालवल्या, मी घालवल्या. खिडकी मी माझ्या उंचीची केली आणि दोष तिच्या डोळ्यांना दिला.”

मग मागच्या बाजूनं एक आवाज आला.

“आबा, मलाही नुसती वानरंच दिसली होती.”

तो वस्तीचा गुराखी होता. बुटका, मिशा पिकू लागलेला. तीस वर्षांपूर्वी आबानंच त्याला आडोशातून परत आणलं होतं आणि म्हटलं होतं, “तुझ्या डोळ्यांत शिकार नाही रे.” त्यानं ते खरं मानलं आणि पुन्हा कधी धनुष्याला हात लावला नाही.

आबा गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेला. त्याचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाला, “चुकलो रे लेकरा. मी वाकून पाहिलंच नाही.”

तो मिशीवाला गुराखी लहान मुलासारखा रडला. थोरल्या आजीनंही डोळ्यांना पदर लावला.

“आणखी एक सकाळ,” ती म्हणाली. “आणि आबा, या वेळी आडोसा पोरीला विचारून बांध.”

टिटवीचं तोंड लगेच सुरू झालं. “पाणवठ्याजवळ नकोच. आवळीजवळ बांध. वानरं निम्मे आवळे खातात, निम्मे खाली टाकतात. मग खालून कुडुमकुडुम आवाज येतो. चितळं पाण्यावर जायच्या आधी तिथंच येत असणार. आणि तिथं ती जवळ येतील, माझा बाण पोचेल.”

आबा बघतच राहिला. चाळीस वर्षांत त्यानं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

चौथ्या सकाळी त्यानं आधी टिटवीला बसवलं आणि मग तिच्या डोळ्यांसमोर कोयत्यानं खिडकी कापली. आता आबाच्या नाकासमोर नुसतं गवत! खाली आवळे फुटल्याचा आवाज आला, तसा तो कुजबुजला, “सोड!”

टिटवीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर पाडस घेऊन मादी आली होती. ती तिनं जाऊ दिली. आबा जीव मुठीत धरून आंधळ्यासारखा बसून राहिला. बऱ्याच वेळानं दोरी टणकारली.

“लागला?”

“लागला, आबा.”

मोठ्या शिंगांचा नर एका बाणात पडला होता. टिटवीनं त्याच्या कोमट मानेवर हात ठेवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. आबानं तिच्याच हातानं त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि दोघांनी हात जोडले.

पहिल्या शिकारीचा पहिला वाटा शिकवणाऱ्याला द्यायची तिथं रीत होती. टिटवी तो घेऊन आबासमोर आली.

“माझा नाही,” आबा म्हणाला. “त्याला दे.” आणि त्यानं गुराख्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या सुगीपासून मुलांचे आडोसे तो गुराखीच बांधू लागला. आधी तो मुलाला बसवायचा, मग त्याच्या शेजारी गवतात आडवा होऊन म्हणायचा, “सांग बघू, काय दिसतं?” खिडकी त्यानंतर कापायचा. त्या वस्तीत कुठल्याही मुलाच्या हातचं धनुष्य पुन्हा काढून घ्यावं लागलं नाही.

लेकराला काही दाखवायचं असेल, तर आधी त्याच्या जागी बसून तिथून काय दिसतं ते पाहावं.