बरं आहे का, हे विचारायचं नाही

सुरुवातीलाच क्षमा मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील. संपादकांनी त्या सुधाराव्यात, आणि तरीही काही राहिल्या तर वाचकांनी सांभाळून घ्याव्यात. शब्दही साधेच आहेत, गॅरेजातले. या गोष्टीतला शिष्य म्हणजे मीच. पण पानभर 'मी, मी' लिहायला मला लाज वाटते, म्हणून स्वतःला शिष्यच म्हणतो. शेवटी थोडा वेळ 'मी' म्हणेन.

एकदा एक वृद्ध मिस्त्री गावाबाहेरच्या माळाला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजात शर्यतीच्या गाड्या तयार करीत असत. लोक त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. काम चोख, पण स्वभाव अतिशय बुजरा. कोणी नाव विचारले तरी तो आधी पान्याकडे पाहत असे. घरीही तेच. त्याचे वडील फौंड्रीत लोखंड वितळवण्याच्या भट्टीवर कामाला. रोज सकाळी निघताना तो विचारी, "आबा, बरं हाय न्हवं?" आबा म्हणत, "बरं हाय." झाले, दिवसभराचे बोलणे संपले.

त्याच गॅरेजात एक चालक येत असे. गुळाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची गाडी तो शर्यतीत चालवी. गाडी हाकण्यात तरबेज आणि तोंडाने त्याहून तरबेज. गॅरेजात पाऊल टाकले की त्याच्या जिभेचा पट्टा सुरू होई. वस्तादांच्या टकलावर तर त्याचे विशेष प्रेम. "वस्ताद, टोपी घाला, नाहीतर उजेडानं मला रस्ता दिसंना!" शिष्याला तो 'मौनीबाबा' म्हणे. शिष्य कधी उलट बोलला नाही. मान खाली घालून तो हसत असे.

त्या वर्षी माळावरची मोठी शर्यत मे महिन्यात आली. दोन तासांची, धुळीच्या वाटेवर साठ फेऱ्यांची. शर्यतीच्या गाडीत थंड हवेचे यंत्र नसते. समोर इंजिन, पायाखाली तापलेला पत्रा, अंगात सहजी न पेटणारा जाड पोशाख, हातात मोजे, डोक्यात हेल्मेट. बाहेर चाळीस अंश असले तर आत पन्नासच्या वर जातात. त्यात घाम वाळायला वारा नाही.

वस्तादांनी पंधरा दिवस आधीपासून तयारी मांडली. सायलेन्सरच्या नळीला उष्णता अडवणारे कापड गुंडाळले. खिडकीपासून हेल्मेटपर्यंत वाऱ्याची नळी बसवली. तोंडाजवळ मीठ-साखर-लिंबाच्या पाण्याची पिशवी टांगली. चालकाला रोज दुपारी पूर्ण पोशाखात उभ्या गाडीत बसवले. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग पंधरा, असे करत पाऊण तासापर्यंत नेले.

चालक आतून ओरडे, "वस्ताद, मला शर्यतीला पाठवायचंय का तंदूरमध्ये?"

वस्ताद म्हणत, "अंगाला उन्हाची ओळख होऊ दे. ओळखीचा पाहुणा कमी त्रास देतो."

"तुमच्याकडचे पाहुणे बघितलेत मी! उलटं आहे!"

शर्यतीच्या दिवशी पहाटेच बर्फाची पेटी आली, पाण्याने भरलेले टब आले, ओले टॉवेल आले. शिष्याला वाटले, आपले काम हे टब सांभाळण्याचे. तोच वस्तादांनी त्याच्या हातात वॉकीटॉकी दिली आणि एक वही दिली. शर्यत चालू असताना चालकाशी बोलण्याचे काम त्याच्यावर!

शिष्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले. वही उघडली तर आणखीच गोंधळ. वस्तादांनी स्वतःच्या हाताने प्रश्न लिहिले होते. 'म्हशीला शिंगं किती?' 'लग्नात जिलेबी चांगली का मठ्ठा?' 'वस्तादांच्या डोक्यावर केस किती?' असे बारा.

"दर पाच फेऱ्यांनी एक विचार," वस्ताद म्हणाले. "तो काय म्हणतो ते पुढे लिहून ठेव, जसंच्या तसं. एकदा उत्तर फिकं आलं तर लगेच पुढचा विचार. दुसऱ्यांदाही फिकं आलं, तर त्याला आत घे. आणि एक लक्षात ठेव. 'बरं आहे का' हे विचारायचं नाही. काही झालं तरी नाही."

"वस्ताद, माझी थट्टा करताय का?"

"तुझी नाही," वस्ताद म्हणाले, आणि टबाकडे गेले.

शर्यत सकाळी आठला सुरू व्हायची होती. प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. मग हार, नारळ आणि उन्हाळ्यात खेळाचे महत्त्व या विषयावर भाषण. झेंडा पडला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. माळावर सावली म्हणून उरली नव्हती.

व्यापारी पिटमध्ये, म्हणजे गाड्या आत घेण्याच्या जागेत, खुर्ची टाकून बसला. सलग तीन वर्षे त्याची गाडी दुसरी आली होती. या वर्षी पहिला नंबर आला नाही तर गावातले लोक आपल्याला 'दोन नंबरचा शेठ' म्हणतील, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

पाचवी फेरी झाली. शिष्याने बटण दाबले.

"दादा... म्हशीला शिंगं किती?"

क्षणभर नुसती घरघर. मग आवाज फुटला, "आरं मौनीबाबा बोलला! लिहून घ्या तारीख! म्हशीला दोन, आणि हा प्रश्न ज्यानं काढला त्याला चार!"

शिष्याने जसेच्या तसे लिहिले. वस्तादांनी वाकून वाचले आणि समाधानाने मान हलवली.

दहावी, पंधरावी, विसावी. गाडी तिसऱ्यावरून दुसरी, दुसऱ्यावरून पहिली झाली. पंचविसाव्या फेरीला जिलेबीचा प्रश्न आला.

"तुझ्या लग्नात दोन्ही नसणार बघ! नवरीच नसणार! तू तिच्याशी बोलेपर्यंत तिची नातवंडं होतील!"

पिटमधले सगळे हसले. शिष्यही हसला, कानापर्यंत लाल होऊन. तिसाव्या फेरीला उत्तर जरा उशिरा आले, पण आले, आणि त्यात प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा असा उल्लेख होता की तो येथे छापता येणार नाही.

पस्तिसावी फेरी. शिष्याने विचारले, "वस्तादांच्या डोक्यावर केस किती?"

हा प्रश्न म्हणजे चालकाच्या पानात वाढलेली पुरणपोळी. शिष्य पेन्सिल सावरून बसला.

बराच वेळ काही आले नाही. मग एक सपाट आवाज आला.

"मोजले नाहीत."

शिष्याची पेन्सिल थांबली. लगेच त्याने पुढचा प्रश्न विचारला, "दादा, सकाळी पोहे खाल्ले का उप्पीट?"

"हो," आवाज आला. "सगळं ठीक आहे. धन्यवाद."

शिष्याने तेही वहीत लिहिले. दोन वर्षांत या माणसाने कोणाला धन्यवाद म्हटल्याचे त्याने ऐकले नव्हते.

त्याने वर पाहिले. गाडी सुरेख पळत होती. इंजिनाचा आवाज स्वच्छ, धूर नाही. मागची फेरी आधीच्या फेरीपेक्षा जलदच निघाली होती. दुसरी गाडी अर्धी फेरी मागे. व्यापारी खुर्चीवरून उठून उभाच राहिला होता. "बघा, वस्ताद! बडबड थांबली आणि मन लावून चालवायला लागला. मी कधीपासनं सांगतोय, तोंड बंद ठेवलं तर हा कुणाला हार जाणार नाही!"

शिष्याने वही वस्तादांपुढे धरली. त्यांनी वाचली. पण वॉकीटॉकी घेण्यासाठी हात पुढे केला नाही.

"यंत्र तुझ्याकडं आहे," ते एवढेच म्हणाले.

"शेठ काय म्हणतील?"

"म्हणतील. पण आत तो एकटाच आहे."

शिष्याने बटण दाबले. "दादा, आत ये."

"मी ठीक आहे."

"दादा, पुढच्या फेरीला आत ये."

"मी अगदी ठीक आहे."

"ए!" व्यापारी धावत आला. "काय चाललंय? पहिला आहे तो! ठीक आहे म्हणतोय ना!"

शिष्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी पाठ फिरवली. यंत्र तोंडाशी धरून तो हळूहळू, लहान मुलाला रस्ता ओलांडून न्यावे तसा बोलू लागला. "दादा, माझा आवाज ऐक. आता बाभळीचं वळण येईल. तिथं पाय सैल सोड. हं. आता लाल झेंडी दिसंल. तिथनं डावीकडं. डावीकडं घे, दादा. गिअर खाली. अजून खाली. आता थांब."

गाडी आत आली आणि थांबली. आत येताना चालकाने एकदाही वाद घातला नव्हता, आणि शिष्याला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

सीटचा जो पट्टा तो रोज डोळे मिटून सोडवी, त्याचे बक्कल त्याच्या बोटांना सापडत नव्हते. पट्ट्यावरून बोटे नुसती फिरत होती. शिष्याने तो सोडवला, दोघातिघांनी मिळून त्याला बाहेर काढले. पाय त्याला धरेनात. हेल्मेट काढले, पोशाख कमरेपर्यंत उतरवला, ताडपत्रीच्या सावलीत आडवे केले. दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात घातले, मानेवर, काखेत ओले टॉवेल ठेवले, वरून पाणी आणि पंख्याचा वारा. रुग्णवाहिकेतले डॉक्टर आले. त्यांनी ताप पाहिला आणि शिष्याकडे पाहून म्हणाले, "अजून पाच-सहा फेऱ्या झाल्या असत्या, तर मी आत्ता इथं नाही, त्या वळणावर असतो."

बाहेर दुसरी गाडी पुढे निघून गेली. मग तिसरी. व्यापारी चालकाच्या पायाशी येऊन उभा राहिला. खुर्ची उन्हात तशीच पडली होती.

वीस मिनिटे गेली. सगळे गोल करून उभे. वस्ताद चालकाच्या उशाशी बसून टोपीने वारा घालत होते. ताडपत्रीच्या फटीतून आलेल्या उन्हात त्यांचे मोकळे डोके चमकत होते.

चालकाने डोळे उघडले. बराच वेळ वर पाहिले. मग ओठ हलले.

"कुणीतरी... वस्तादांना टोपी घाला रे," तो म्हणाला. "मला वाटलं गेलो वर, समोर एवढा प्रकाश!"

असा गलका झाला की शेजारच्या पिटमधले लोक आपलीच गाडी पुढे गेली असे समजून नाचू लागले. डॉक्टर हसले. व्यापाऱ्याने तोंड फिरवून रुमालाने डोळे पुसले आणि घाम आहे असे सांगितले. शिष्य बर्फाच्या टबापाशी उकिडवा बसला आणि त्याने टबातले ओंजळभर पाणी तोंडावर मारले.

संध्याकाळी सामान आवरताना व्यापारी वस्तादांजवळ आला. "वस्ताद, राग नाही. पण मला एक सांगा. गाडी ठीक होती. तो स्वतः ठीक म्हणत होता. मग तुम्हाला कळलं कसं?"

वस्ताद पेटीवर बसले. म्हणाले, "शेठ, तुमच्या गुऱ्हाळात काहिलीत पाक उकळत असतो. गूळ झाला का, हे गुळव्या कसं ओळखतो?"

"चिमूटभर पाक गार पाण्यात टाकतो. गोळी वळली तर झाला."

"काहिलीला विचारत नाही?"

व्यापारी हसला. "काहील काय सांगणार!"

"तसंच आहे. माणूस तापला की आधी त्याचं डोकं तापतं. आणि आपण विचारतो ते त्याच डोक्याला, 'बरं आहे का?' ते कसं सांगणार? 'बरं आहे' हे उत्तर तर पाठ असतं, शेठ. माणूस अर्धा शुद्धीवर नसला तरी जीभ ते आपोआप देते. पण थट्टेला थट्टेनं उत्तर द्यायचं तर आतला सगळा माणूस जागा लागतो. म्हणून दर पाच फेऱ्यांनी आम्ही चिमूटभर थट्टा टाकून बघत होतो. गोळी वळेनाशी झाली, तेव्हा याला कळलं."

शिष्याने धीर करून विचारले, "पण वस्ताद, हे काम माझ्याकडं का? मला तर बोलताही येत नाही."

"तू दोन वर्षं त्याची बोलणी मान खाली घालून ऐकलीस," वस्ताद म्हणाले. "दुसरा असता तर त्यानं उत्तर दिलं असतं आणि विसरला असता. तुला मात्र माहीत होतं, तो कुठल्या प्रश्नाला काय म्हणेल. म्हणून तो जे म्हणाला नाही, ते तुला ऐकू आलं."

वही मिटून शिष्याने ती खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. आबा दारात बसून फौंड्रीचे बूट चढवत होते. नेहमीचे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. खिशात वही होती, पण तीत आबांना लागू होईल असा प्रश्न नव्हता. म्हणून मी माझाच एक काढला.

"आबा, आपल्या घराण्यात सगळ्यात मोठं नाक कुणाचं?"

आबांनी मान वर केली. मला वाटलं आता 'बरं हाय' म्हणतील. त्यांनी हातातली बुटाची नाडी सोडली.

"आपल्यात?" ते म्हणाले. "आपल्यात कुठलं! तुझ्या आईच्या माहेराकडं बघ. तुझा मामा दारात आला की आधी नाक घरात यायचं, चहा ठेवायचा, आणि मग मामा यायचा!"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आबा हसायला लागले. ते इतके हसलेले मी लहानपणापासून पाहिले नव्हते. हसता हसता बुटाची नाडी ओढली आणि खाली बघतच म्हणाले, "रातच्याला पायात गोळे येत्यात रं. दोन महिनं झालं. झोप लागंना."

दोन महिने. साठ सकाळी मी त्यांना बरं आहे का म्हणून विचारलं होतं.

मी आत गेलो. लिंबू पिळलं, मीठ घातलं, साखर घातली, मोठी बाटली भरून त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं आहे असं सांगितलं. मग मोटारसायकल काढली, आबांना मागे बसवलं, आणि फौंड्रीच्या वाटेवर त्यांना दुसरा प्रश्न विचारला.