बगळ्याचे गंजके पाय

गंजलं की फेकायचं, हे ठरवणाऱ्यानं गंजाकडे कधी नीट पाहिलं तरी होतं का?

फार वर्षं नाही झाली. शिल्पकार हेमांगीताईंच्या भट्टीतून मातीचा बगळा पाय मोडूनच बाहेर आला. काडीसारखे पाय आचेत तडकले होते. ताईंनी त्याचा चुरा करायला हातोडा उचलला.

कोपऱ्यातले सायकलचे जुने स्पोक म्हणाले, "आम्ही होऊ तुझे पाय."

"गंजलेले? लोक हसतील मला!"

"चुऱ्याला कोण हसणार, राजा?"

बगळा ओरडला, "ताई, थांबा! हे स्पोक लावा."

ताईंनी ते बसवले आणि गंज घासायला पॉलिशपेपर घेतला.

"राहू द्या," बगळा म्हणाला. "चिखलात उभे राहिलेले पाय असेच दिसतात."

ताईंनी त्याला अंगणातल्या हौदाकाठी उभं केलं.

तेवढ्यात हौदातली बेडकी किंचाळली, "पोरांनो, बुडी मारा! आला मेला!"