सुखात बसलेली सगुणा

फार जुनी गोष्ट आहे, तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधीची. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि माथ्यावर दुसरं. पायथ्याला सगुणा नावाची म्हातारी राहायची, माथ्यावर तिची थोरली बहीण, आक्का. दोघींची रीत ठरलेली. चैत्र लागला की एक खालून चढायची, एक वरून उतरायची आणि मधल्या झऱ्यावर भेटायच्या. सगुणा आंबेडाळ न्यायची, आक्का रानातला मध आणायची. पोटभर बोलायच्या, पोटभर रडायच्या आणि मग वर्षभर त्याच दिवसाची वाट बघायच्या.

सगुणेला दोन सुना मिळाल्या त्या लाखात एक. सासूनं जात्याला हात लावला की एक धावायची, घागर उचलली की दुसरी. "सासूबाई, जन्मभर राबलात. आता नुसतं बसायचं!" मग सगुणा बसली. गाव म्हणायचं, "नशीब काढलं हो हिनं! नाहीतर ती वरची आक्का. या वयात हंडे वाहते बिचारी. सुना कसल्या, वैरिणी!"

बसून बसून सगुणेच्या मांड्या वाळल्या. पाटावरून उठायचं तर दोघी सुनांनी काखेत हात घालावा लागायचा. "वय झालं, दुसरं काय," ती म्हणायची आणि सुना मान डोलवायच्या. घ्या! आजाराला औषध तरी असतं, वयाला काय देणार?

चैत्र आला. डाळ बांधून सगुणा निघाली. पहिल्याच चढाला पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली, ती बसलीच. पुढची वाट इतकी उभी नि अरुंद, की तिथं डोली जात नाही आणि पाठुंगळीला घेऊनही कुणी चढत नाही. पोचवायला आलेल्या मुलानं तिला उचलून घरी आणलं. "माझी आक्का झऱ्यावर वाट बघत असेल रे!" एवढंच ती बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोण उभं? आक्का! सगळा डोंगर उतरून, मधाचं मडकं कडेवर घेऊन आलेली. सगुणेला धावत जाऊन तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण पाटावरून उठताच येईना. सुना धावल्या.

"थांबा गं पोरींनो," आक्का म्हणाली. "सगुणे, काय झालं तुला?"

"वय झालं, आक्का."

"आणि मी काय तुझ्यामागून जन्मले?" आक्का खेकसली. "माझ्या सुनाही बस बस करतात. मी ऐकत नाही, म्हणून त्या बिचाऱ्या गावात वाईट ठरल्या. अगं, अंगातलं बळ वापरलं तर राहतं, बसवून ठेवलं तर जातं."

"आता उशीर झाला गं."

"तोंड चालतंय ना? तसे पायही चालतील. खांब धर आणि ऊठ. रोज ऊठ, रोज बस. झेपेल तेवढं ओझं उचल. पुढच्या चैत्रात मी झऱ्यावर बसेन. खाली येणार नाही, सांगून ठेवते."

आक्का गेली आणि सगुणेनं खांब धरला. कितीतरी दिवस ती अर्ध्यातूनच धपकन खाली बसायची. सुनांचा जीव खालीवर व्हायचा. मदतीला पुढे होऊ नयेत म्हणून धाकटीनं तर आपलेच हात पदरात गुंडाळून घेतले. हळूहळू सगुणा एकटी उठू लागली. आधी तांब्या उचलला, मग कळशी, मग घागर. मांड्या ठणकायच्या, रडू यायचं, तेव्हा ती डोंगराकडे बघायची आणि पुन्हा उठायची.

पुन्हा चैत्र आला. धापा टाकत, बसत-उठत सगुणा झऱ्यावर पोचली, तर तिथं कुणी नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी कुणी आलं नाही. घरी परतायची वाट उताराची होती. तिनं पदर खोचला आणि वरची वाट धरली.

आक्का तापानं अंथरुणाला खिळली होती. "माझी सगुणा झऱ्यावर एकटी बसली असेल गं," ती सकाळपासून म्हणत होती. "त्या कुठल्या येतायत," सुना समजूत घालत होत्या, "त्यांना उठवतही नाही." तेवढ्यात सगुणाच दारात उभी!

"मला वाटलं होतं, आता आपली भेट नाही," आक्का म्हणाली. सगुणेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं तिला आंबेडाळ चाटवली.

थोडेच दिवस दोघी एकत्र राहिल्या. मग आक्का गेली. सगुणा खूप रडली. पण बहिणीच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं, आणि तो डोंगर तिच्यासाठी दुसऱ्या कुणाला चढता आला नसता.

म्हणून लहानांनो नि थोरांनो, म्हातारपणाला विसावा जरूर द्यावा, पण हातापायांना रजा देऊ नये.