मखमली झूल

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात निवृत्त न्यायाधीश सोनकुसऱ्यांच्या घरचा कॉम्प्युटर सारखा हँग होऊ लागला. धूळ नको म्हणून त्यांनी त्यावर मखमली झूल चढवली होती. कॉम्प्युटर चालू असतानाही ती काढू देत नसत.

"मामाजी, आत तापतो तो," सून यामिनी म्हणाली. तिचा प्रबंध त्यातच अडकला होता.

"यंत्राला कसला उकाडा? तू हात लावतेस म्हणून बंद पडतं. आजपासून हात लावायचा नाही!"

"बरं. पण हा हुकूम निकालासारखा लिहून काढा आणि कोट घालून, वर शाल पांघरून वाचा. पूर्ण झाला की मान्य."

न्यायाधीशांनी ऐटीत सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला घामाच्या धारा लागल्या, जीभ अडखळली आणि वाचन थांबलं.

यामिनीने पाण्याचा पेला पुढे करत विचारलं, "मामाजी, तुम्हाला कुणी हात लावला?"

सोनकुसरे खो खो हसले, उठले आणि त्यांनी आधी कॉम्प्युटरची झूल काढली.