बांगड्यांचं भाडं

“भाडं सगळ्यात कमी हवं, आणि एकही काकण फुटता कामा नये!” राजा जयवर्म्याने हुकूम सोडला आणि प्रधानजींना घाम फुटला.

राजकन्येचं लग्न ठरलं होतं घाटाखालच्या बंदरगावी. तिथल्या प्रत्येक सुवासिनीच्या हातात नवरीच्या माहेरची काचेची काकणं दिसली पाहिजेत, असा राजाचा हट्ट. काकणं तयार होती. ती घाट उतरवून नेणार कोण, इथं घोडं अडलं होतं.

दर घेऊन तिघे आले होते. हैबती गाडीवानाचा दर सगळ्यात कमी. पण त्याच्या गाडीतून मडकी निघाली की पोचायच्या खापऱ्या! बापूशेटच्या गाड्या रंगीत, बैलांच्या गळ्यात घुंगरं, आणि दर असा की ऐकणाऱ्याने मटकन खाली बसावं. तिसरा रूपा नाईक, तांडेवाला. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर पायी फिरणारा. त्याचा दर मधला.

“महाराज, स्वस्तात जावं तर काकणं फुटतील...” प्रधानजी चाचरले.

कोपऱ्यात राजकन्येच्या हाताचं माप घेत बसलेली चिमणाबाई कासारीण फिस्कन हसली. “फुटतील काय म्हणता, प्रधानजी? लग्नघर आहे! फुटलं म्हणू नये, काकण वाढलं म्हणावं!”

“असं? मग हैबतीलाच द्या,” राजा म्हणाला. “पोचेपर्यंत दुप्पट होतील!”

दरबार हसला. आता चिमणाबाईने गप्प बसायचं की नाही? पण गप्प बसणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“एवढे पागोटेवाले जमलेत, आणि एक गाडीवान ठरवता येईना? माझ्याकडे सोपवलं असतं तर एव्हाना काकणं बंदरावर असती!”

“सोपवलं!” राजा गरजला. “उद्या सकाळी माणूस ठरव. दर सगळ्यात कमी हवा. आणि वाटेत माझं एक जरी काकण फुटलं, तर राजदरवाज्यातली तुझी बैठक उठली म्हणून समज!”

काकणं भरायला बसायची ती जागा चिमणाबाईच्या सासूपासूनची. त्या जागेवरच घर चालायचं. बाई घाम पुसत बाहेर पडली. “चिमणे, दुसऱ्यांच्या हातात काकणं एवढी जपून सरकवतेस, मग स्वतःची जीभ कशी गं सरकते?”

पण तोरा काही उतरला नव्हता. ती तडक गाडीतळावर गेली आणि मोठ्या जाणतेपणाने एका बैलाचे दात बघू लागली. बैलाच्या दातांतलं तिला तेवढंच कळत होतं, जेवढं बैलाला बांगड्यांतलं. बैलाने तिचा पदर तोंडात धरला आणि निवांत चघळायला लागला.

“खा बाबा, खा! अक्कल तर माझी आधीच कुणीतरी खाल्लीय.”

मग तिने तिघांना एकच विचारलं, “काकणं धड पोचवाल ना?” हैबतीने आईची शपथ घेतली, बापूशेटने कुलदैवताची. रूपा नाईक नुसता “हो” म्हणाला. आता यातून काय कळायचं, कपाळ? शपथेला कुठं भाडं पडतं!

घरी येते तो शेजारची पारू काकणं भरायला बसलेली. चिमणाबाईचं डोकं तापलेलं, हात घाईचा. कट्! एक काकण वाढलं. पारूने कनवटीला हात घातला.

“ठेव ते पैसे!” चिमणाबाई खेकसली. “चढवताना वाढलं ते कासाराचं. हातात धड बसलं, तेवढ्याचंच तू द्यायचं. एवढं साधं—”

आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

“अगं बाई गं! उत्तर माझ्याच टोपलीत, आणि मी ते बैलाच्या तोंडात शोधत होते!”

सकाळी भर दरबारात ती कमरेला पदर खोचून उभी राहिली.

“ऐका रे तिघांनी! महाराज काकणं तुमच्याकडे नुसती सोपवणार नाहीत, तुम्हाला विकणार आहेत. इथं पैसे मोजून विकत घ्या. बंदरावर जेवढी धड पोचतील तेवढी महाराज परत घेतील, वर तुमचं भाडं जोडून. वाटेत वाढलं ते तुमचं! आता बोला दर.”

हैबतीचा चेहरा पडला. “तसं असेल तर... खाली पेंढा घालावा लागेल, घाटात गाडी धरायला माणसं लागतील... तिप्पट पडेल, बाई.”

“काल पेंढा नव्हता वाटतं?”

बापूशेटने मिशा चोळल्या. “घाटात गाडी म्हणजे हिसके बसायचेच. चौपट!”

“आणि घुंगरं?”

“ती... शोभेची.”

रूपा नाईक म्हणाला, “माझा दर कालचाच.”

“तो कसा काय?” राजाने विचारलं.

“आम्ही मीठ विकत घेऊनच घाट चढतो, महाराज. भिजलं तर नुकसान आमचंच. जपून न्यायचं मोल मी कालच धरलं होतं.”

“झाला की नाही सगळ्यात कमी दर?” चिमणाबाईने हात झटकले. “कमी पडू नयेत म्हणून चार टोपल्या जास्तच विका त्याला!”

राजा सहजी हार मानणारा नव्हता. “दर झाला. पण माझी दुसरी अट? घाटात माझं एखादं काकण फुटलंच तर?”

“तुमचं कसं फुटेल, महाराज? घाटात तुमचं एकही काकण नसेलच! इथं विकलेली, तिथं घ्यायची. मधली सगळी नाईकाची!”

राजा असा खदखदून हसला की प्रधानजींनाही हसायचं धाडस झालं.

“बैठक तुझीच! लेकीचा चुडाही तूच भरायचा! आणि हे घे...” राजा हातातलं सोन्याचं कडं ओढू लागला. कडं हलेना. राज्याभिषेकाच्या वेळचं ते, आणि हात त्यानंतर तुपात वाढलेला.

“द्या इकडे.” चिमणाबाईने राजाचा अंगठा आत मुडपला, तळवा दाबला आणि सरकन कडं काढलं.

“आई गं!”

“काय हे, महाराज! पाळण्यातली पोरसुद्धा एवढं ओरडत नाही!”

मोठ्या दिमाखात तिने कडं स्वतःच्या हातात चढवलं. ते मनगट ओलांडून थेट कोपराला जाऊन थांबलं. हात खाली केला, तर खण्णकन जमिनीवर!

“बघा नशीब!” ते उचलत चिमणाबाई म्हणाली. “साऱ्या गावाला मापाचं भरणारी मी, आणि मलाच मिळालं ते बैलाच्या गळ्यात शोभेलसं!”

राजाचं हसू जे सुटलं, ते लग्नाची वरात निघेपर्यंत थांबलं नाही.