लेकुरवाळीचा झिरा

उंबरमाळच्या ठाकरवाडीचा चढ संपला की उंबराखाली दगडांनी बांधलेला झिरा दिसतो. खालच्या गावांच्या विहिरी तळ दाखवतात, तेव्हाही याचं पाणी हटत नाही. त्याच्या कडेची खेकड्यांची बिळं मात्र कुणी खणत नाही. एरवी खेकड्याच्या कालवणावर जीव टाकणारी ही माणसं! पाहुण्यानं कारण विचारलं, की शेजारच्या अंगणातला गोमाबाबा काठी बाजूला ठेवतो आणि सांगू लागतो.

फार पूर्वी दुष्काळामागून दुष्काळ पडले, असं सांगतात. ओढे आटले, मग खालची नदीही सुकली. दुसऱ्या दिवशी उजाडताच वाडी सोडायची, असं पंचांनी ठरवलं. पोशी नावाच्या सुनेपुढं पेच पडला. तिची सासू कोंडाई डोळ्यांनी आंधळी, पायांनी अधू. तिला पाठीवर घेऊन घाट उतरणं होणार नव्हतं, आणि मागं ठेवायचं तर कुणाच्या भरवशावर?

म्हातारीच्या तोंडात चवीचं काही पडावं म्हणून पोशी कोरड्या ओढ्यात दगड उलथत फिरली. तिथं तिला एक खेकडी सापडली. तिनं ती कौतुकानं सासूच्या हाती दिली. म्हातारीनं चाचपली.

"पोटाखाली पिल्लं हायेत गं हिच्या. सोड तिला, पोशे."

"आत्याबाय, चुलीवर ठेवाया दुसरं काय बी नाय."

"नसू दे. हिच्या पायांना गार चिखल हाय. लेकुरवाळी कोरड्यात बिऱ्हाड करत नाय. जाते कुठं ते बघ, आन् तिथं खण."

खेकडी तिरपी तिरपी चालत उंबराच्या मुळाशी शिरली म्हणे. पोशीनं तिचं बीळ न मोडता शेजारी कुदळ घातली. गाठोडी बांधणारे हसले, "सासूबरोबर सून बी चळली!" हात सोलवटले तरी ती थांबली नाही. दिवस कलता कलता मुरूम ओला लागला आणि पाणी पाझरलं. पहिली ओंजळ तिनं सासूला पाजली. दोघी रडल्या. हसणाऱ्यांनी गुपचूप गाठोडी सोडली.

आता झिऱ्यावर मोटार बसली, दारोदार नळ आले. तरी आजही सकाळचा पहिला हंडा हातानं भरतात आणि वाडीत ज्याला चालवत नाही, त्याच्या दारी नेतात. गुडघे गेल्यापासून तो हंडा गोमाबाबाकडे येतो. त्यातलाच तांब्या तो पाहुण्यापुढं करतो.

"प्या पोटभर. म्हातारीला टाकून गेले असते, तर तुमाला पाणी द्यायला हितं कुनी नसतं."